जामीन कोण राहणार?

बसा सगळे. त्या भिंतीच्या सावलीत सरका आणि मोबाइल पिशवीत टाका. बस पाचला निघेल. तोवर मी बोलणार आहे आणि तुम्ही ऐकणार आहात. आमेरच्या किल्ल्यातल्या या चौकाला जलेब चौक म्हणतात. मोहिमेवरून परतलेली आमेरची फौज इथे उभी राहायची आणि जिंकून आणलेली लूट लोकांना दाखवायची. मला जे बोलायचं आहे त्याला हीच जागा बरी.

काल रात्री धर्मशाळेत आपण चर्चेला बसलो होतो. युद्ध आणि भीतीच्या काळात विश्वनागरिकत्व आणि कायमची शांतता शक्य आहे का, हा विषय. तुमच्यातला एक उठला आणि म्हणाला, ‘‘मॅडम, पेपरात लिहायला ठीक आहे. दहा मार्कांचं आहे, लिहून टाकू.’’ सगळे हसलात. मी हसले नाही, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. पुढच्या जूनमध्ये तुम्ही बी.एड. होऊन वर्गावर उभे राहाल. पन्नास पोरं समोर बसतील आणि तुमचा शब्द न् शब्द खरा मानतील. त्यांना तुम्ही हे शिकवणार, की काही गोष्टी फक्त पेपरात लिहायच्या असतात?

आणि आज सकाळी जयगडावर काय केलंत? जयबाण तोफेवर हात ठेवून व्हिडिओ काढलात. ‘‘हिचं तोंड त्यांच्याकडे फिरवा, एका गोळ्यात नकाशावरून साफ!’’ कोण ओरडलं ते मला ठाऊक आहे, नाव घेत नाही. ती तोफ १७२० मध्ये आमेर-जयपूरचा राजा सवाई जयसिंह याच्या काळात त्याच किल्ल्यातल्या कारखान्यात ओतली. वजन ५० टनांच्या घरात, नळी २० फुटांची, मोठी चाकं माणसाच्या डोक्याहून उंच. त्या नळीवर काय कोरलंय, कुणी पाहिलं? हत्ती आहे, मोरांची जोडी आहे, बदकं आहेत, वेलबुट्टी आहे. कुणा कारागिराने माणसं मारायच्या यंत्रावर बसून इतक्या नाजूक हाताने बदकं कोरली, आणि इतिहासाचे विद्यार्थी असून तुम्हाला तिथे थांबून विचार करावासा वाटला नाही. गोळा पडून दूरवर तलाव झाला, ही गाईडची दंतकथा तेवढी वहीत उतरवून घेतलीत.

वर माझ्याशी वाद घातलात. ती तोफ चाचणीला एकदाच उडाली, लढाईत कधीच नाही, हे कळल्यावर लगेच म्हणालात की हेच तर सिद्ध होतं, धाक असला की युद्धच होत नाही. आता नीट ऐका. १७४३ मध्ये सवाई जयसिंह गेला. ईश्वरीसिंह आणि माधोसिंह हे त्याचे मुलगे गादीसाठी भांडले. दोघांनीही मदतीला मराठ्यांना बोलावलं, दोघांनीही पैसा कबूल केला. १७५० च्या डिसेंबरात कबूल केलेली रक्कम वसूल करायला मल्हारराव होळकरांची फौज जयपूरवर चालून आली. ईश्वरीसिंहाची तिजोरी रिकामी होती. जयबाण मात्र डोंगरावर होती, जागच्या जागी, सगळ्या ५० टनांनिशी. ईश्वरीसिंहाने विष घेऊन जीव दिला. धाक कुणाला बसला, सांगा मला. ज्याच्या किल्ल्यात तोफ होती तोच भीतीने मेला.

पुढचं तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? १० जानेवारी १७५१. शहर शांत झालंय असं समजून हजारो मराठी माणसं जयपूरच्या परकोटात, तटाच्या आतल्या शहरात, गेली. देवळं बघायला, खरेदी करायला, नवं शहर कसं वसवलंय ते पाहायला. काल तुम्ही मनिहारांच्या रस्त्यावर लाखेच्या बांगड्यांचा भाव करत फिरलात, तशीच. दुपारी दंगा पेटला, दरवाजे बंद झाले आणि मध्यरात्रीपर्यंत कत्तल चालली. मेलेल्यांची संख्या हजारांत होती. ज्यांनी कापलं ते जन्माचे खुनी नव्हते. खंडणीने पिळलेलं, राजा गमावलेलं ते गाव होतं. आणि जे मेले त्यांच्यातल्या कितीतरी जणांचा दोष एवढाच, की ते त्या दिवशी बाजारात होते.

एकही हात वर नाही. बरं.

गणेशपोळीखाली गाईडने मिर्झाराजा जयसिंहाचं नाव घेतलं तेव्हा मात्र तुम्हाला सगळं माहीत होतं. ‘‘हाच तो!’’ म्हणून मागून हुर्यो झाली. हाच तो, खरंच. हा दरवाजा त्यानेच बांधला, आतला शीशमहालही त्याचाच. तिथे मग तोंडं वाकडीतिकडी करून फोटो काढायला तुम्हाला काही वाटलं नाही. पण हुर्यो करण्यापलीकडे या माणसाचा कधी विचार केलात? आमेरने शांतता कशी मिळवली, ते आधी समजून घ्या. १५६२ मध्ये राजा भारमलने आपली लेक अकबराला दिली. त्याआधी शेजारचे राजपूत, मुघलांचा सरदार, घरातली भाऊबंदकी, सगळीकडून हे छोटं राज्य चेपलं जात होतं. त्या सोयरिकीनंतर कित्येक पिढ्या या डोंगरावर शत्रूची फौज चढून आली नाही. म्हणून तर संगमरवर शाबूत आहे, आरसे शाबूत आहेत, तुमचं तिकीट वसूल होतंय.

युद्ध मात्र थांबलं नव्हतं. ते इथून उठून दुसऱ्यांच्या दारात गेलं होतं. १५७६ मध्ये हळदीघाटीत महाराणा प्रतापासमोर बादशाही फौजेचा सेनापती कोण? आमेरचा मानसिंह. काबूलवर कोण गेलं? मानसिंह. बंगाल-ओडिशात कोण लढलं? मानसिंह. आणि १६६५ मध्ये शिवाजी महाराजांच्या पुरंदरला वेढा घातला तो या घराण्याच्या मिर्झाराजाने. मुरारबाजी तिथे पडले. रोहिड्याच्या खोऱ्यात गावंच्या गावं जाळली. जूनमध्ये तह झाला, २३ किल्ले गेले. आमेरची शांतता आमच्या मावळात अशी येऊन पोचली.

त्याची किंमत आमेरलाही पडली. खाली गावात जगत शिरोमणीचं देऊळ आहे. तुम्ही तिथे गेला नाहीत, कारण तिथे हत्ती नाहीत. मानसिंहाच्या राणीने, कनकावतीने, ते मुलाच्या आठवणीसाठी बांधून घेतलं. बंगालच्या कामगिरीवर नेमलेला तिचा जगतसिंह १५९९ मध्ये गेला. बादशहाच्या मोहिमांत पिढ्यानपिढ्या पोरं पाठवणाऱ्या घरातल्या एका आईचं ते देऊळ आहे. मिर्झाराजा स्वतः १६६७ मध्ये बुऱ्हाणपुरात वारला. ना घरी, ना मान राखला गेलेला.

पण इथे ‘‘बघा, आमेरवाले कसे’’ म्हणून मान डोलवू नका. मघाशी सांगितलेल्या १७५० च्या डिसेंबरात युद्ध जयपूरच्या वेशीवर होतं, पुण्याच्या नव्हे. तेव्हा पुण्यातल्या एखाद्या बाईला विचारलं असतं, तर ती म्हणाली असती, देवाच्या कृपेने सगळं ठीक आहे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा हिशेब आपण इतिहासातसुद्धा करतो. आपल्या अंगणात धूर दिसला नाही की आपण त्याला शांतता म्हणतो. ती शांतता नव्हे. ते फक्त युद्धाचं स्थलांतर. विश्वनागरिक म्हणजे कुठल्या तरी निराळ्या पासपोर्टाचा माणूस नव्हे. स्वतःच्या सुखाचा हिशेब मांडताना दुसऱ्याच्या अंगणातला धूरही त्यात धरतो, तो विश्वनागरिक. एवढं तुम्हाला कळलं असतं, तर काल रात्री कुणी दात काढले नसते.

‘‘पण मॅडम, असं कोण वागतं?’’ हेच विचारणार ना? कुमार रामसिंह वागला. याच आमेरचा, त्याच मिर्झाराजाचा मुलगा. १२ मे १६६६ ला शिवाजी महाराज आग्र्याच्या दरबारात अपमान सहन न होऊन बाहेर पडले. बादशहाच्या मनात त्यांना मारायचं किंवा कैदेत टाकायचं होतं. तेव्हा रामसिंहाने मीरबक्षीला कळवलं, की त्यांना मारायचं तर आधी मला मारा. माझ्या बापाने त्यांना शब्द दिलाय. मग त्याने बादशहाला जामीन लिहून दिला: हा माणूस पळाला किंवा त्याने काही केलं तर जबाबदार मी. ज्या शत्रूवर वर्षभरापूर्वी बापाने तोफा डागल्या होत्या, त्या शत्रूला हा मुलगा जामीन राहिला. हे आपल्याला कळतं तेही आमेरच्या कारभाऱ्यांनी आपल्या माणसांना राजस्थानीत लिहिलेल्या पत्रांतून. जदुनाथ सरकार आणि रघुवीरसिंह यांनी ती छापून आणली. त्याच पत्रांत हेही आहे, की महाराजांनी रामसिंहाला आपला जामीन परत घ्यायला सांगितलं. जामीनदाराचा गळा अडकू नये, याची काळजी कैदी करत होता! ऑगस्टमध्ये महाराज निसटले. रामसिंहाला दरबार बंद झाला, मनसब गेली. ज्याचा गडकिल्ल्यांवरचा अभिमान तोंडात मावत नाही, त्याने हे नाव घेताना उभं राहावं.

म्हणून ‘शक्य आहे का’ हा प्रश्न मला चालत नाही. तो पळवाटेचा प्रश्न आहे. अशक्य असं एकदा ठरवलं की आपण मोकळे, मग उंटावरून शेळ्या हाकायला. खरा प्रश्न आहे, जामीन कोण राहणार. जगात शांतता जिथे टिकली तिथे कुणीतरी जामीन राहिलंय, कागदावर, सहीनिशी. १८७० ते १९४५ या काळात फ्रान्स आणि जर्मनी तीनदा एकमेकांवर तुटून पडले. त्यातली दोन महायुद्धं झाली. १९५१ मध्ये त्यांनी आणि शेजारच्या चार देशांनी करार करून कोळसा आणि पोलाद सामाईक देखरेखीखाली आणलं. तुम्ही सकाळी तोफांचा कारखाना पाहिलात ना? तोफ कशाने होते? धातूने आणि भट्टीच्या आगीने. त्यांनी भट्टीच सामाईक केली. आज ती सरहद्द ओलांडून माणसं नोकरीला जा-ये करतात.

फार लांब नको जायला. भारत आणि पाकिस्तान दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. करार १९८८ चा, पहिली देवघेव १९९२ ची. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, हा त्यातला शब्द. कारगिल झालं, संसदेवर हल्ला झाला, मुंबईत २६/११ झालं; नंतरच्या १ जानेवारीला याद्या गेल्या आणि आल्या. तुम्ही टीव्हीवर आरडाओरडा ऐकता. ही यादी कधी ऐकलीत?

भीतीबद्दल आता बोलते, कारण मी ती नाकारत नाही. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ माणसं मारली गेली, त्यातली सहा आपल्या महाराष्ट्राची. सहलीला गेलेली, तुमच्यासारखी. मे महिन्यात या राजस्थानात जैसलमेर-बाडमेरची माणसं रात्री दिवे घालवून आकाशाकडे बघत बसली होती. तुमच्यातल्या तिघांचे भाऊ फौजेत आहेत. त्यांच्या आया कशा झोपल्या असतील, ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. सरहद्दीवर उभ्या राहणाऱ्याबद्दल माझ्या तोंडून वावगा शब्द येणार नाही. ज्यांनी मारलं त्यांना शिक्षा झालीच पाहिजे. पण ती भीती घेऊन सरहद्दीपासून शेकडो मैल दूर बसलेल्यांनी काय केलं? त्याच मे महिन्यात जयपुरातल्या काही मिठाईवाल्यांनी मैसूर पाकचं नाव ‘मैसूर श्री’ केलं, मोती पाकचं ‘मोती श्री’. रिक्षावाल्याने काल हे सांगितलं तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्यात!

मराठी शाळेत शिकवायला निघालेली माणसं तुम्ही. पाक म्हणजे काय? माझी आई दिवाळीत चिरोट्यांसाठी पाक करायची. थेंबभर बोटावर घ्यायची, अंगठा टेकवून उचलायची. मधे एक तार लांबली, तुटली नाही, की म्हणायची, झाला. तो पाक संस्कृतातला, शिजवणं या अर्थाचा. ‘स्वयंपाक’ या शब्दात तो बसलाय. तुमच्या घरातलं स्वयंपाकघर काय म्हणून हाक मारणार आहात उद्यापासून? शत्रूची भीती एवढी की आपलाच शब्द आपल्याला परका दिसायला लागला. आज शब्द, उद्या त्या शब्दाचा वास येणारी माणसं. १७५१ च्या जानेवारीत दुपारी असंच काहीतरी सुरू झालं असेल. आणि तुम्ही टाळ्या वाजवता.

याच राजस्थानात श्रीडूंगरगढ नावाचं गाव आहे. तिथला सतीशकुमार, नऊ वर्षांचा असताना जैन मुनी झालेला, पुढे ते सोडून भूदानात आलेला. १९६२ मध्ये तो आणि केरळचा ई. पी. मेनन दिल्लीहून पायी निघाले. अणुबॉम्ब बाळगणाऱ्या देशांच्या राजधान्यांपर्यंत जायचं म्हणून. निघण्यापूर्वी विनोबांकडे गेले. आपल्या गागोद्याच्या त्या म्हाताऱ्याने आशीर्वाद दिला आणि बजावलं, की जवळ पैसा ठेवू नका. पाकिस्तानच्या सरहद्दीवर एका मित्राने शिधा बांधून आणला: शत्रूच्या मुलखात जाताय, घ्या. सतीशकुमारने तो घेतला नाही. बरोबर नेलेलं अन्न म्हणजे बरोबर नेलेला अविश्वास, असं त्याचं म्हणणं. पलीकडे पाऊल ठेवलं तर वर्तमानपत्रात वाचून एक अनोळखी माणूस त्यांना घरी न्यायला उभा होता. त्यानंतर काही महिन्यांत चीनचं युद्ध पेटलं, क्युबावरून जग अणुयुद्धाच्या काठावर आलं. ते चालतच होते. मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन.

त्याने बॉम्ब गेले का? नाही गेले. ऑगस्ट १९६३ मध्ये हवेतल्या, पाण्याखालच्या आणि अवकाशातल्या अणुचाचण्या बंद करायचा करार मात्र झाला. तो या दोघांमुळे झाला असं मी म्हणणार नाही, तुम्हीही लिहू नका. पण लाखो साध्या माणसांनी रस्त्यावर येऊन मागितल्याशिवाय तो झाला नसता, हे मी शपथेवर सांगेन.

आणि शेवटी आपल्या घरचं. तुमच्यातले वीस जण कोल्हापूरचे. वळिवड्याला कोण गेलंय? रेल्वेने रोज जाता तिथून. १९४३ ते १९४८ तिथे पाच हजारांच्या आसपास पोलिश माणसं राहत होती, बहुतेक बायका आणि पोरं. घरातून उचलून सैबेरियात नेलेली, तिथून इराणमार्गे जीव वाचवून आलेली. आपण तेव्हा गुलाम होतो, धान्याचा तुटवडा होता, बंगालमध्ये माणसं भुकेने मरत होती. तरी कोल्हापूरच्या मातीत त्यांची शाळा उभी राहिली, चर्च उभं राहिलं. पोलंडची राजधानी वॉर्सा, तिथे आज कोल्हापूरच्या नावाची पाटी आहे. तिथे कोल्हापूरची आठवण ठेवली आहे. तुम्हाला वळिवडे माहीत नाही.

रडायचं असेल तर नंतर रडा. मला पश्चात्ताप नको, काम हवंय. परत गेल्यावर पहिल्या रविवारी सगळे वळिवड्याला जाल. जुन्या माणसांना विचाराल आणि ऐकलेलं लिहून आणाल, नेटवरून उतरवलेलं नको. तो व्हिडिओ बसमध्ये चढण्यापूर्वी काढून टाकायचा.

आता एकेक कोरा कागद घ्या. ज्या लोकांची तुम्हाला भीती वाटते, ज्यांचं नाव घेताना तुमचा आवाज बदलतो, त्यांच्यातल्या एका माणसाचं नाव त्यावर लिहा. ओळखीचा, शेजारचा, वर्गातला, कुणीही चालेल. त्याच्यावर किटाळ आलं तर मी जामीन राहीन, एवढंच त्याखाली लिहायचं आणि सही करायची. एकही नाव सुचत नसेल तर कागद कोरा द्या, मी समजून घेईन. पण त्या कोऱ्या कागदाखालीही तुमची सही हवी. पावणेपाच वाजलेत. लिहा.